फ्लोरेन्सच्या जुन्या गावात रविवार-सोमवार: काय बघावं, काय सोडावं?

भटकभवानी

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आणि त्यापुढचा सोमवार, असे दोन पूर्ण दिवस फ्लोरेन्ससाठी आहेत. मंगळवारी दुपारी रोमची गाडी. चार माणसं, त्यांत दोघं सत्तरीपुढची: सपाटीवर व्यवस्थित चालतात, जिन्यांचं नाव काढू नका. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. मुक्काम सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनजवळ.

यादी नेहमीचीच आहे. कॅथेड्रल आणि त्याचा घुमट, उफिझी हे चित्रसंग्रहालय, अकादेमिया संग्रहालयातला मायकेलॅन्जेलोचा डेव्हिड, पॉन्ते वेक्यो हा जुना पूल. मधल्या वेळात पिसा उरकता येईल का? कुठली तिकिटं आधी काढावीत आणि कुठली तिथे मिळतात, तेही सांगा.

---

सांजवात

पिसा विसरा. पुढचा प्रश्न विचारा.

---

नकाशेकाका

तुमचे वार नेमके अडचणीचे आहेत. उफिझी, अकादेमिया आणि नदीपलीकडचा पित्ती राजवाडा, तिन्ही सोमवारी बंद. रविवारी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असतात, त्यामुळे पर्यटकांना आत सोडत नाहीत, आणि घुमटही रविवारी दुपारीच, कमी वेळ उघडतो. म्हणजे निवड करायला जागाच नाही: संग्रहालयं रविवारी, कॅथेड्रल सोमवारी. हे उलटं केलंत तर दोन्ही दिवस बंद दारांसमोर फोटो काढाल.

तिकिटांचा क्रम असा धरा. सगळ्यांत आधी घुमट, कारण त्याला दिवस आणि वेळ ठरवूनच तिकीट मिळतं आणि नंतर ती वेळ बदलता येत नाही. मग अकादेमिया, मग उफिझी. बाकी काहीही दोन दिवस आधी काढलं तरी चालतं. आणि काढताना अधिकृत संस्थळावरूनच काढा. शोधल्यावर वर दिसणारी चार-पाच संस्थळं हुबेहूब नावांची असतात; ती मध्यस्थांची, तेच तिकीट दीडपट-दुप्पट भावाने विकतात.

---

फुकटेश्वर

महिन्याचा पहिला रविवार सरकारी संग्रहालयांत फुकट असतो. एक आठवडा पुढे ढकला की सहल.

---

नकाशेकाका

@फुकटेश्वर, त्या दिवशी आगाऊ आरक्षण चालत नाही, म्हणजे सगळं गाव एकाच रांगेत. सत्तरीच्या माणसांना दोन-दोन तास उभं करून वाचवलेले पैसे फिजिओथेरपिस्टला द्यावे लागतील.

---

वीटकरी

घुमटाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण "चढावं का?" याचं उत्तर तो बांधला कसा यात आहे.

कॅथेड्रलचं काम १२९६ मध्ये आर्नोल्फो दी कांबियोने सुरू केलं. भिंती उभ्या राहिल्या, पण मधल्या अष्टकोनावर छत कसं घालायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आतलं अंतर सुमारे ४५ मीटर. कमान बांधताना खालून लाकडी साचा लावतात, पण एवढ्या रुंदीचा आणि एवढ्या उंचीवरचा साचा उभारायला लाकूडही नव्हतं आणि तेवढा भार पेलणारी रचनाही नव्हती. १४२० ते १४३६ या काळात ब्रुनेल्लेस्की या वास्तुकाराने जमिनीवरून साचा न उभारताच तो बांधला.

त्यातल्या तीन गोष्टी चढताना डोळ्यांनी दिसतात. पहिली, घुमट एक नाही, दोन आहेत. आतला जाड, बाहेरचा पातळ, आणि मधल्या पोकळीतूनच जिना जातो. दुसरी, विटा. काही विटा आडव्या थरांत उभ्या रोवलेल्या दिसतील, आणि त्या उभ्या विटांची रांग तिरकी वर चढत जाते, माशाच्या काट्यासारखी. ओला थर आत घसरू नये म्हणून त्या उभ्या विटा त्याला पकडून ठेवतात. थर पूर्ण होऊन कडं बंद झालं की तो स्वतःच स्वतःला तोलतो. तिसरी, दगडी पट्टे. घुमट खालच्या बाजूने बाहेर फाकू पाहतो, त्याला पिंपाच्या कड्यांसारखे दगडाचे आणि लोखंडाचे पट्टे आतून आवळून आहेत. तरीही भेगा पडल्या, आणि त्यांची मोजणी आजही चालू असते.

एकूण पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही. वाट अरुंद, काही ठिकाणी वाकून जावं लागतं, मध्येच परत फिरायची सोय नाही. बंद जागेची भीती असेल त्यांनी जाऊ नये. अर्ध्या वाटेवर व्हसारी आणि झुक्कारीच्या 'अंतिम न्याया'च्या चित्राखालच्या सज्जातून चालत जाता येतं, तिथे नरकातली मंडळी हातभर अंतरावर दिसतात.

---

वेशीवरचा

विजापूरचा गोल घुमटही साधारण तेवढाच ना? मग एवढं कौतुक कशाला?

---

वीटकरी

@वेशीवरचा, बाहेरून मोजला तर ४४ मीटरच्या आसपास, म्हणजे तुलना रास्त आहे. पण प्रश्न वेगळा होता. विजापूरला चौरस खोलीवर गोल छत घालायचं होतं. त्यासाठी एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी आधी चौरसाचा अष्टकोन आणि मग वर्तुळ केलं. शिवाय त्या कमानींचं वजन आतल्या बाजूला येतं आणि घुमटाच्या बाहेर ढकलणाऱ्या रेट्याला उलटा रेटा मिळतो. फ्लोरेन्सला अष्टकोनी पाया आधीच बांधून ठेवलेला, बदलता न येणारा, आणि भोवती आधाराच्या कमानी टेकवायला नगराला नको होत्या. काळाचा फरकही आहे: गोल घुमट १६५६ चा, हा सव्वादोनशे वर्षं आधीचा. दोन्ही थोरच.

---

ओवीबाई

घुमट चढायचा नसेल त्यांनी खाली थांबून कंटाळायची गरज नाही. कॅथेड्रलच्या मागे दुओमोचं (म्हणजे कॅथेड्रलचंच) स्वतःचं संग्रहालय आहे, लिफ्ट आहे, आणि गर्दी उफिझीच्या मानाने अगदीच कमी. बाप्तिस्माघराच्या दारांवर लोक जिथे झुंबड करतात तिथे लावलेली सोनेरी दारं ही प्रत आहे. गिबेर्तीने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षं घालवून केलेली मूळ दारं या संग्रहालयात आहेत. दोनातेल्लोची लाकडातली मारिया माग्दालेना आणि मायकेलॅन्जेलोने म्हातारपणी सुरू करून स्वतःच फोडलेली पिएता (मृत ख्रिस्ताला धरलेल्यांचं शिल्प) इथेच. वरच्या गच्चीतून घुमट इतका जवळ दिसतो की ४६३ पायऱ्या चढलेल्यांना दिसत नाही, कारण ते घुमटावरच असतात.

तिकिटांचं गणित: ब्रुनेल्लेस्की नावाच्या पासात घुमट आणि घंटाघरासकट सगळं, जोत्तो नावाच्या पासात घुमट सोडून बाकीचं, गिबेर्ती नावाच्या पासात संग्रहालय, बाप्तिस्माघर आणि जमिनीखालचं सांता रेपाराता हे जुनं चर्च, चढण नाही. चौघांना एकच पास काढू नका. दोघांना पहिला, दोघांना तिसरा. पास तीन दिवस चालतो. कॅथेड्रलची मुख्य जागा तर फुकटच असते, फक्त खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत आणि पाठीवरची मोठी पिशवी आधी ठेवून यायची.

---

पायमोजे

घंटाघर राहिलं. जोत्तोने सुरू केलेलं, ४१४ पायऱ्या, पण मध्ये मजल्यांवर मोकळ्या जागा आहेत, दम घेत चढता येतं. आणि तिथून घुमट फोटोत येतो. घुमटावरून घुमटाचा फोटो कसा काढणार?

---

ओवीबाई

+१. दोन्हींपैकी एकच चढायचं असेल तर बांधकामात रस असलेल्यांनी घुमट, फोटोवाल्यांनी घंटाघर.

कॅथेड्रलमध्ये गेलात तर मागे वळून दाराच्या वरचं घड्याळ जरूर बघा. पाओलो उच्चेल्लोने १४४३ मध्ये रंगवलेलं. चोवीस तासांचं, उलट्या दिशेने फिरणारं, आणि दिवस सूर्यास्तापासून मोजणारं. आत शिरणारे सगळे घुमटाकडे बघत पुढे जातात, त्यामुळे हे डोक्याच्या मागे राहतं.

---

सांजवात

आणि बाहेर पूर्वेच्या बाजूला फरसबंदीत संगमरवराची एक गोल चकती आहे. १६०० साली वीज पडून घुमटावरचा तांब्याचा मोठा गोळा खाली आला, तो इथे. लोक त्यावर उभे राहून मोबाइलमध्ये नकाशा शोधतात.

---

रंगपेटी

उफिझीबद्दल. इमारत U आकाराची, चित्रं वरच्या मजल्यापासून सुरू होतात आणि जिने उभे आहेत. ज्येष्ठांसाठी लिफ्ट आहे, दारावरच विचारा. आरक्षण असलं तरी अनेकदा आधी समोरच्या तीन क्रमांकाच्या दारावर कागदी तिकीट घ्यावं लागतं आणि मग एक क्रमांकाच्या दारातून आत. हे न कळल्याने लोक चुकीच्या रांगेत वेळ घालवतात. दिलेल्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पोहोचा.

सगळं बघायला गेलात तर बोतिचेल्लीपर्यंतच पाय दुखतील. माझ्या मते ही एवढीच पकडा: सुरुवातीच्या दालनातल्या चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तोच्या तीन मोठ्या मादोन्ना, म्हणजे बाळ येशूला घेतलेल्या मारिया. विषय एकच, बसायची ढबही एकच, पण जोत्तोच्या बाईला प्रथमच वजन आहे, ती सिंहासनावर खरोखर बसली आहे. पुढचं दीडशे-दोनशे वर्षांचं चित्र तिथून निघतं. मग बोतिचेल्लीचा 'व्हीनसचा जन्म' आणि 'वसंत', लिओनार्दोचं 'शुभवार्ता', मायकेलॅन्जेलोचं दोनी कुटुंबासाठीचं गोल चित्र, आणि खाली तित्सियानोची व्हीनस आणि काराव्हाज्जोची मेडुसा. अडीच तास. मध्ये नदीच्या बाजूच्या काचेतून पॉन्ते वेक्यो दिसतो तिथे बसायला मिळतं.

उफिझीपासून पुलावरून पित्तीपर्यंत जाणारी व्हसारीची बंद वाट १५६५ मध्ये पाच महिन्यांत बांधली, राजघराण्यातल्या लग्नासाठी. ती २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उघडली, पण तिचं तिकीट वेगळं. तुमच्या दोन दिवसांत नको.

---

फुकटेश्वर

डेव्हिडची प्रत सिन्योरिया चौकात फुकट उभी आहे. अकादेमियाचे पैसे वाचवा.

---

रंगपेटी

इथे मात्र मी हटून बसणार. चौकातली प्रत १९१० ची, मूळ पुतळा १८७३ मध्येच आत हलवला. मूळ ५.१७ मीटर उंच आहे, आणि प्रत जवळपास तेवढीच, म्हणून उंचीसाठी जायचं नाही. जायचं ते वाटेवरच्या अर्धवट कैद्यांसाठी. मायकेलॅन्जेलोने सोडून दिलेले ते पुतळे दालनात दोन्ही बाजूंना आहेत. कुठे छिन्नीचे दातरे आहेत, कुठे खोदकाम पुढून मागे सरकलं आहे, हे दिसतं. ते बघून मग डेव्हिडसमोर उभं राहिलं की दगडातून माणूस कसा निघतो ते कळतं.

डेव्हिडचं डोकं आणि उजवा हात अंगाच्या मानाने मोठे वाटतात. हा पुतळा मुळात कॅथेड्रलच्या वरच्या बाजूला, खालून बघण्यासाठी ठरला होता. शिवाय दगडही दुसऱ्याने चाळीसेक वर्षांपूर्वी कोरायला घेऊन टाकून दिलेला होता.

सव्वा तासात होतं. सकाळी सव्वाआठची पहिली वेळ घ्या.

---

फुकटेश्वर

बरं, दिले पैसे. पण चौकातली लोज्जा देई लान्झी, म्हणजे पुतळ्यांची उघडी कमानी ओसरी, तरी फुकट बघा. चेल्लिनीचा मेडुसाचं मुंडकं धरलेला पेर्सेउस आणि जांबोलोन्याची एकाच दगडातून पिळलेली तीन माणसं, दोन्ही उघड्यावर. आणि जवळच जमिनीत एक गोल शिळा आहे, २३ मे १४९८ ला सावोनारोला या धर्मोपदेशकाला तिथे फाशी देऊन जाळलं. त्याच चौकात, पलाझ्झो वेक्यो या जुन्या नगरवाड्याजवळ, प्यायच्या पाण्याचा नळ आहे, साधं आणि बुडबुड्यांचं दोन्ही, फुकट.

---

पोटोबा

आता महत्त्वाचा विषय.

तोस्कानातल्या ब्रेडला मीठ नसतं, ही चूक नाही, पद्धत आहे. शाकाहारींसाठी: रिबोल्लिता म्हणजे शिळा ब्रेड, पांढरा घेवडा आणि काळसर पानांची कोबी घालून केलेलं दाट सूप, पाप्पा अल पोमोदोरो, टोमॅटो आणि ब्रेडचं. पण रिबोल्लितात चवीला कधी डुकराच्या मांसाचा तुकडा असतो, कधी रस्सा मांसाचा. "सेन्झा कार्ने" (मांसाशिवाय) एवढं म्हणून थांबू नका, "ब्रोदो" म्हणजे रस्सा कसला ते विचारा. परमेजान आणि बऱ्याच पेकोरिनोत वासराच्या जठरातलं विरजण असतं. कडक शाकाहारी असाल तर वरून चीज नको म्हणा. चण्याच्या पिठाचं, तेल-मीठ-पाणी घालून भट्टीत भाजलेलं चेचिना मिळालं तर घ्या, भाजलेलं पिठलंच.

गाड्यांवर रांग दिसली की तिकडे धावू नका. लाम्प्रेदोत्तो म्हणजे गायीचं चौथं जठर, पावात घालून.

कॉफी काउंटरवर उभं राहून प्या, टेबलावर बसलात की दर वेगळा. बिलात 'कोपेर्तो' नावाची माणशी एक-दोन-तीन युरोंची नोंद असते, ती बसायची आणि ब्रेडची, ती फसवणूक नाही.

---

वेशीवरचा

लोणच्याची बाटली सोबत न्यावी असं यावरून ठरलं.

---

पोटोबा

चेक-इन बॅगेत. हातातल्या पिशवीत शंभर मिलीलिटरच्या वर तेलकट काही चालत नाही, आणि लोणचं विमानतळावर सोडण्याचं दुःख मोठं.

---

लाल-काळा

पत्त्यांचा एक घोटाळा सांगून ठेवतो. फ्लोरेन्समध्ये एकाच रस्त्यावर दोन क्रमांकमालिका आहेत. घरांचे काळे किंवा निळे आकडे, दुकानांचे लाल. पत्त्यात २५ पुढे r असेल तर ते लाल. साध्या २५ च्या दारासमोर जाऊन "दुकान नाहीच इथे" म्हणू नका, लाल २५ बऱ्याच पुढे असेल.

दुसरं, जमिनीवर चित्रं पसरून ठेवणारे लोक. दाटीत पाय पडला की भरपाई मागतात. खाली बघत चाला आणि हुज्जत न घालता पुढे व्हा. नकली पिशव्या विकत घेऊ नका, दंड विकत घेणाऱ्यालाही होतो.

गाडी भाड्याने घेणार असाल तर जुन्या गावात ZTL म्हणजे मर्यादित रहदारीचा पट्टा आहे. कॅमेरे नंबरप्लेट टिपतात, दंड महिन्यांनी घरी येतो आणि भाडेकंपनी आपला प्रक्रियाशुल्क वेगळा लावते. मोटरवेवरच व्हिला कोस्तान्झा नावाचा पार्किंग तळ आहे, तिथून ट्राम थेट गावात.

---

रंकाळा

कोल्हापूरकरांसाठी एक ठिकाण कुणीच सांगितलं नाही. काशिने बागेच्या पार पश्चिम टोकाला राजाराम महाराजांची छत्री आहे.

१८७० मध्ये छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना फ्लोरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला वारले. वय अवघं वीसच्या आसपास. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहनाची तिथे रीत नव्हती. नगराने खास परवानगी दिली आणि आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं. छत्रीची रचना मेजर मँटची, म्हणजे कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याने आखला तोच, आणि आतला रंगीत अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा. त्यांची प्रवासाची रोजनिशी पुढे १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. शेजारच्या केबलच्या पुलाला तिथले लोक "इंदियानो"चा पूल म्हणतात.

---

वेशीवरचा

राजारामपुरी ज्यांच्या नावाची ते? शाहू महाराजांचे चिरंजीव?

---

रंकाळा

नाही. ते नंतरचे, १९२२ ते १९४० गादीवर होते. हे शाहू महाराजांच्याही आधीचे. राजाराम कॉलेज यांच्या नावाचं.

जायचं कसं: टी-१ ट्रामने काशिने थांब्यावर उतरा, तिथून नदीकाठाने सरळ पश्चिमेला अडीच-तीन किलोमीटर. वाट सपाट आहे, पण ज्येष्ठांना दोन्ही बाजू जड जातील, एका बाजूने टॅक्सी करा. अंधारात जाऊ नका, बाग तिथे निर्मनुष्य असते. मंगळवारी सकाळी बागेत मोठा आठवडी बाजार भरतो, त्यामुळे बागेच्या ट्रामकडच्या टोकाला गर्दी असेल.

---

भटकभवानी

हे अजिबात माहीत नव्हतं. मंगळवारची सकाळ तर मोकळीच आहे! आता कुणी वेळापत्रक लावून देईल का?

---

नकाशेकाका

घ्या. शेवटचा रविवार असल्याने पहाटे घड्याळ एक तास मागे जातं. मोबाइल स्वतः बदलतो, मनगटावरचं नाही.

रविवारी सव्वाआठला अकादेमिया, मग चालत बाप्तिस्माघराच्या दारांपाशी आणि ओर्सान्मिकेले चर्चच्या बाहेरच्या कोनाड्यांतले पुतळे. जेवण. दीड वाजता उफिझी. बाहेर पडून सिन्योरिया चौक आणि पॉन्ते वेक्यो. या पुलावर खाटकांची दुकानं होती, १५९३ मध्ये ती हलवून सोनार बसवले. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी गावातला हा एकच पूल सोडला. बाजूचा सांता त्रिनिता पूल उडवला होता, तो नंतर नदीतून काढलेल्या दगडांनी पुन्हा बांधला. पॉन्ते वेक्यो त्याच पुलावरून चांगला दिसतो, स्वतःवरून दुकानंच दिसतात.

सोमवारी तरुण दोघांचा घुमट पहिल्या वेळेला, ज्येष्ठ दोघं साडेआठला दुओमोच्या संग्रहालयात. सव्वादहाला कॅथेड्रल उघडतं, तिथे चौघे भेटा. ते दुपारी पावणेचारला बंद होतं, हे अनेकांना दारावरच कळतं. दुपारी सांता क्रोचे चर्च: मायकेलॅन्जेलो, गालिलेओ, माक्याव्हेल्ली यांच्या कबरी, दांतेची दिसेल ती रिकामी, तो राव्हेन्नात आहे. मग जमलं तर पलाझ्झो वेक्योचं मोठं दालन. सूर्य सव्वापाचच्या आसपास मावळेल, तेव्हा साडेचारला पियाझ्झाले मायकेलॅन्जेलो या टेकडीवरच्या चौकाकडे बस किंवा टॅक्सी. तिथून वर सान मिनियातोचं चर्च, थोडी चढण आहे, ज्येष्ठांना टॅक्सीने थेट तिथेच सोडा.

मंगळवारी सकाळी राजाराम महाराज.

---

सांजवात

सांता क्रोचेकडे जाताना व्हिया दे नेरी आणि व्हिया सान रेमिजोच्या कोपऱ्यावर भिंतीवर पुराच्या दोन खुणा आहेत, १३३३ आणि १९६६. दोन्ही पूर ४ नोव्हेंबरचे. १९६६ ची खूण डोक्याच्या बरीच वर आहे. सांता क्रोचेमधला चिमाबुएचा क्रूस त्याच पुरात उद्ध्वस्त झाला, आता दुरुस्त करून टांगला आहे, जिथे रंग गेला तिथे गेलाच.

---

पायमोजे

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका, दुसऱ्या दिवशी एवढं चालणं ज्येष्ठांना झेपेल? जुन्या गावात फरसबंदी दगडी आणि उंचसखल आहे.

---

ओवीबाई

रविवारचं चालणं जास्त आहे, सोमवारचं कमी. दुपारी तासभर टेकायचं असेल तर कॅथेड्रलपासून जवळच ओब्लाते वाचनालय आहे. सार्वजनिक आहे, तिकीट नाही, वर कॅफे आहे आणि समोर घुमट. शौचालयही तिथलंच वापरा, रस्त्यावरच्यांना युरोभर लागतो. जाण्याआधी त्या दिवशीची वेळ बघून घ्या.

---

भटकभवानी

घुमटाची सोमवारची पहिली वेळ मिळाली, दोनच तिकिटं घेतली. बाकी दोघांना गिबेर्ती पास. पिसा रद्द.

---

लाल-काळा

तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट सोबत ठेवा. आणि घुमटाचं दार मुख्य दर्शनी बाजूला नाही, उत्तरेकडच्या भिंतीत आहे. पुढच्या रांगेत उभे राहिलात तर ती कॅथेड्रलची असेल.